मी बुजवलेला सांडवा

देवका,

परवा तुझी तेरवी झाली. तुझ्या भावाने फुलचूरच्या तुझ्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "बाई, तुमच्याजवळच राहू द्या. तुमच्याकडून काही हरवत नाही." मी किल्ली भिंतीवरच्या फळीवर अडकवली, माझ्या सवयीप्रमाणे खाली चिठ्ठी लावली, चिठ्ठीवर तुझं नाव लिहिलं आणि मग खाली बसले. 

ही पानं माझ्या नातवंडांसाठी, ओवी आणि निषादसाठी आहेत. ती दोघं मेलबर्नला आहेत आणि त्यांची देवकाआजी गेली हे त्यांना फोनवर कळलं. पण लिहिताना मी तुझ्याशीच बोलणार आहे. मुलांशी सरळ बोलायला लागले की मी शिकवायला लागते, हे तूच मला किती वेळा ऐकवलंस. आज मला शिकवायचं नाही. एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगून टाकायची आहे.

तू आमच्या शाळेत आलीस तेव्हा मी मुख्याध्यापिका होऊन दोन वर्षं झाली होती. सौंदडपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांच्या मधोमध, ती शाळा. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. तिथे सिस्टर वर्गात आल्या की चाळीस मुली एकाच आवाजात उभ्या राहायच्या. मला शाळा म्हणजे तेवढंच माहीत होतं आणि ते मी मनापासून इथे आणलं होतं. रांग, घंटा, तोंडावर बोट, वहीला समास. पहिल्याच आठवड्यात तुझ्या वर्गातून आवाज आला म्हणून मी गेले, तर एकही मूल बाकावर नव्हतं. सगळी जमिनीवर पालथी पडून एका मुंगळ्यामागे फूटपट्ट्या सरकवत होती. तूसुद्धा.

"हे काय चाललंय?"

"मुंगळा एका मिनिटात किती जाते ते मोजून राहिलो, मॅडम."

"आणि गणिताचा तास?"

"हाच तं गणिताचा तास आहे जी," तू म्हणालीस आणि पदराची माती झटकत उभी राहिलीस. मुलं मात्र पालथीच होती, कारण मुंगळा अजून चालत होता.

त्या दिवशी सुरू झालेला वाद आपण शेवटपर्यंत घातला. ओवी-निषाद, तुम्हाला वाटेल तुमच्या या आजीची बाजू लंगडी होती. ती नव्हती. त्या मुलांच्या घरी अक्षर वाचणारं कोणी नव्हतं. पाच तास आमच्या हातात असायचे, बाकीचा दिवस शेतात आणि गुरांमागे. त्या पाच तासांत प्रत्येकाला लिहिता-वाचता यावं एवढीच माझी मागणी होती. मी तुला म्हणायची, देवका, गोंधळात ज्याचा आवाज मोठा त्याचंच शिक्षण होतं. मागच्या बाकावरच्या मुक्या पोरीला वाचवते ती रांगच. तू विचार करायचीस, मान हलवायचीस आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायचीस. "बाई, काल रातभर सोचत होती मी. रांगेत त्या पोरीचा नंबर येते, हे खरं. पन नंबर आल्यावर ते बोलन काय? तिले तं चूप बसाचंच शिकवलं आपन."

तुझ्या वर्गातल्या दोन मुलांना वर्ष संपलं तरी भागाकार येत नव्हता, हे मी तुला दाखवलं तेव्हा तू वाद घातला नाहीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या दोघांना आपल्या अंगणात बसवून तू भागाकार शिकवलास, अगदी माझ्या पद्धतीने, पाढे घोकून घेऊन. नंतर मला म्हणालीस, "तुमचंबी औषध कधी कधी लागते बाई." माझ्या तोंडून तुझ्या औषधाबद्दल असं कधी निघालं नाही.

आता ती बोडी.

बोडी म्हणजे शेतातला छोटा तलाव. तुझं घराणं कोहळ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. तुझे वडील जमीन नुसती डोळ्यांनी पाहून पाणी कुठून येईल आणि कुठे थांबेल ते सांगायचे. त्या वर्षी तू पाचवीला शाळेच्या मागच्या पडीत जागेत बोडी बांधायला लावलीस. पंचवीस पावलं लांब, गुडघाभर उंचीची मातीची पार, म्हणजे बांध. सगळं शिक्षण तू त्या चिखलात आणलंस. क्षेत्रफळ तिथे, अपूर्णांक तिथे, 'आमचा तलाव' हा निबंधही तिथेच. पारीखाली मुलांनी वीतभर वाफे केले आणि त्यात धान लावलं. मला ते दृश्य पाहवत नसे. मुलं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून वर्गात यायची. पण तुझी मुलं निबंध लिहीत होती, आणि ते फळ्यावरून उतरवलेले नव्हते, म्हणून मी गप्प होते.

मग तपासणीचं पत्र आलं. साहेब येणार, शाळा बघणार. मी यादी केली. चुना, फुलझाडांच्या कुंड्या, प्रार्थनेचा सराव, वह्यांना कव्हरं. तू म्हणालीस, साहेबांना बोडी दाखवू. मी हो म्हटलं, एका अटीवर: ती नीटनेटकी दिसली पाहिजे.

आदल्या दिवशी दुपारी तुझ्या वडिलांना बरं नसल्याचा निरोप आला आणि तू गावी गेलीस. शाळा सुटल्यावर मी वही घेऊन शेवटची फेरी मारली. मागे गेले. पार छान झाली होती, पण एका टोकाला ती फुटलेली दिसली. हातभर रुंदीची खाच, कडेला दोनचार दगड. मला वाटलं पोरं धावता धावता तिथून उतरली असतील. पाचवीतल्या मुली अंगण झाडत होत्या. त्यातली वंदना सगळ्यांत चुणचुणीत. मी तिला बोलावलं.

"हे खिंडार बुजवा. माती चांगली ठोकून बसवा. वरून चुना मारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ दिसली पाहिजे."

वंदनाने खिंडाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तोंड किंचित उघडलं. मी भुवई वर केली. मुलांसाठी माझी भुवई पुरेशी असायची.

"हो मॅडम," ती म्हणाली.

ते खिंडार नव्हतं, तो सांडवा होता. भरलेल्या तलावाचं जास्तीचं पाणी वाहून जावं म्हणून पारीच्या एका टोकाला मुद्दाम ठेवलेली सखल जागा. तो नसेल तर पाणी पारीवर चढतं आणि पार फुटते. या तलावांच्या मुलखात राहून मला तेव्हा दहा वर्षं झाली होती. रोज तलावाच्या कडेने जायची, तलावातले शिंगाडे खायची. सांडवा म्हणजे काय ते मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू बसने आलीस तेव्हा प्रार्थना संपत आली होती. मागे जाऊन पाहायला तुला वेळच मिळाला नाही. साहेबांना मी मागच्या अंगणात नेलं. तू पारीकडे पाठ करून साहेबांना समजावत होतीस आणि चाळीस मुलं विहिरीपासून बोडीपर्यंत रांग करून हातोहात बादल्या पुढे देत होती. पाणी सांडव्यापर्यंत चढेल, जास्तीचं निघून जाईल, पार शाबूत राहील, हे तुला दाखवायचं होतं. मला आठवतं ती रांग. किती सरळ होती. माझ्या मनात आलं, अखेर देवकाच्या मुलांनासुद्धा रांग जमली. पावसाने आधीच बरीच भरलेल्या बोडीत पाणी चढत गेलं. बादल्या येत राहिल्या. त्या चाळीस मुलांपैकी एकाचीही बादली थांबली नाही.

मग तू वळलीस. तुझे डोळे पारीवरून सरकत त्या टोकाला गेले, जिथे काल खाच होती आणि आज चुन्याची रेघ होती. त्या क्षणी मला कळलं. तू मुलांकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे. हात वर करून तू बादल्या थांबवणार एवढ्यात पार मधोमध फुटली. वाफे गेले, वीतभर वाढलेलं धान गेलं, आणि साहेबांचे बूट भरले. साहेबांचा ड्रायव्हर मागून म्हणाला, "गए साहब के जूते." एक पोरगं हसलं आणि लगेच गप्प झालं.

साहेब मुलांसमोर तुला बोलले. म्हणाले, मुलं शाळेत चिखल तुडवायला येतात का, या बाईंना साधी पार बांधता येत नाही आणि मुलांना विज्ञान शिकवतात. तुला. तुझ्या घराण्याला.

मी दोन पावलांवर उभी होते, हातात वही होती. मला एवढंच म्हणायचं होतं: सर, सांडवा होता, तो मी बुजवायला लावला. मी वही छातीशी धरून उभी राहिले. मुलांना माहीत होतं. वंदनाला माहीत होतं. सगळी तोंडावर बोट ठेवल्यासारखी गप्प.

तू म्हणालीस, "चुकलं सर."

त्याच आठवड्यात मी ती जागा सपाट करून घेतली. तू विचारलंस, "पुन्हा नाही बांधाची काय बाई?" मी म्हटलं, वर नाराजी आहे, काही दिवस जाऊ दे. ते काही दिवस कधी संपले नाहीत.

इथेच थांबले असते तर ती एक चूक झाली असती. माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा संस्थेच्या मंडळींनी मला विचारलं, तुमच्या जागी देवकाबाई कशा? सेवेने तुझाच क्रम होता. मी म्हटलं, "शिकवतात उत्तम. पण शिस्त... तो बोडीचा प्रकार तुम्हाला माहीत आहेच." एवढंच म्हटलं. एवढं पुरलं. मुख्याध्यापक बाहेरून आले, तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि तू त्यांच्या हाताखाली निवृत्त होईपर्यंत पाचवीच शिकवत राहिलीस. माझं ते वाक्य तुझ्या कानावर गेलं की नाही, मला माहीत नाही. आज पहिल्यांदा ते कागदावर उतरलं. ओवी, निषाद, तुमची आजी सगळ्या बाबतीत नीटनेटकी होती असं तुम्हाला वाटतं. हेसुद्धा तिने नीटनेटकेपणानेच केलं.

आणि तू काय केलंस? निवृत्तीनंतर फुलचूरला माझ्या शेजारचं घर घेतलंस. "म्हातारपनी भांडाले कोनी पाहिजे ना बाई," म्हणालीस. हे गेल्यावर माझी संध्याकाळ तू रिकामी राहू दिली नाहीस. ओवी आणि निषाद डिसेंबरच्या सुट्टीत यायचे तेव्हा सकाळी माझ्याकडे मराठी वाचायचे आणि दुपारी भिंतीवरून उडी मारून तुझ्याकडे पळायचे. एका वर्षी मी दुपारची झोप घेऊन उठले तर माझ्या परसातला एक वाफा नाहीसा झाला होता. ओवीने आणि तू मिळून तो गोल केला होता, शंखासारखा आत आत जाणारा, आणि माझे वाल त्या वळणावर लावले होते. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

"बाई, वालायले समजते काय, लाइन सीधी हाय का वाकडी?"

"वालाला नाही समजत. पाणी घालणाऱ्याला समजतं."

"तं मी घालतो पानी. रुसू नोका."

रोज येऊन घातलंस. वाल लागला तो सरळ वाफ्यात लागतो तेवढाच लागला, कमी नाही, जास्त नाही. तू जिंकली नाहीस आणि मीही नाही. पण ओवी इथून परत गेल्यावर आठ महिने दर रविवारी फोन करून त्या वाफ्याची चौकशी करत होती. बाकीच्या सरळ वाफ्यांत काय लावलं होतं, हे तिने कधी विचारलं नाही. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

तू दवाखान्यात होतीस ते नऊ दिवस मी रोज आले. रोज रिक्षात वाक्य जुळवायची. वाक्य लहान होतं. पण कधी नर्स असायची, कधी तुझी भाची, आणि कधी कोणीच नसायचं तेव्हा मी तुझी उशी सरळ करत बसायची. सातव्या दिवशी मी म्हटलं, "देवका, ती बोडी..."

तू डोळे उघडलेस. "कोनती बोडी बाई? बोड्या लय पाहल्या मी." आणि हसलीस.

ते हसू काय होतं, देवका? तुला खरंच आठवत नव्हतं, की तू मला वाट करून देत होतीस? मी ती वाट घेतली. विचारलं, "सकाळची गोळी घेतलीस का?" तू म्हणालीस, "घेतली." दोन दिवसांनी तू गेलीस.

तेरवीला तुझ्या गावी शेतात धानाची कापणी चालू होती. तरी माणसं आली, कापणी सोडून आली, हातपाय धुऊन पंगतीला बसली. त्यातली निम्मी तुझी पाचवीतली मुलं. कोणाचे केस पिकले आहेत, कोणी बांधकामावर आहे, कोणी दुकान घातलंय. वंदना आता स्वतः शिक्षिका आहे. ती वाढत होती. माझ्या पत्रावळीवर भात वाढायला वाकली तेव्हा मी तिचा हात धरला.

"वंदना, त्या दिवशी मी तुला बुजवायला सांगितलं, ते काय आहे तुला माहीत होतं ना?"

तिने कोणता दिवस म्हणून विचारलं नाही. "होय जी मॅडम. साऱ्यायलेच मालूम होतं. कोहळ्यायचे पोट्टे आम्ही, सांडवा नाही समजन काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगतलं होतं ना जी," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. कोणी पत्ता विचारला आणि तिने सांगितला, तसं. भांडं खाली ठेवून ती माझ्याजवळ टेकली. "देवकाबाईले मी त्याच दिवशी सांगतलं, का मोठ्या मॅडमनं बुजवाले लावलं. लय रडली मी. आम्ही सारे म्हनलो, चला, साहेबाले जाऊन सांगू. तं बाई म्हनल्या, नाही. मोठ्या मॅडमले कोनी काही विचाराचं नाही. त्यायले वाईट वाटन."

मग कोणीतरी भात मागितला आणि ती उठून गेली. मी पत्रावळीवरचं सगळं संपवलं, टाकलं नाही. चव कशाची होती ते सांगता येणार नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. त्याच दिवसापासून. बोडी सपाट करताना, "पुन्हा नाही बांधाची काय" विचारताना, नव्या मुख्याध्यापकाच्या सहीसाठी उभी राहताना, माझ्या वालाला पाणी घालताना. चहा पिता पिता तू माझ्याशी शिस्तीवरून तासन्‌तास भांडलीस आणि हे एक उदाहरण एकदाही काढलं नाहीस. काढलं असतंस तर मी हरले असते. तुला जिंकायचं नव्हतं का?

काल दुपारी ओवीचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे तसंच. ती बारा वर्षांची आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, मग तू त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "मोठ्यांना असं विचारत नाहीत, ओवी."

फोन शांत झाला. मेलबर्नपर्यंत सगळं शांत. तशी शांतता मी आयुष्यभर वर्गावर्गांत ऐकली आणि तिचा मला अभिमान होता.

मी म्हटलं, "थांब. चुकलं माझं. विचारलंस ते बरोबर विचारलंस. मी सांगितलं नाही कारण मला भीती वाटली. साहेबांची नाही. मुख्याध्यापिकेला सांडवा माहीत नाही, हे मुलांना कळेल याची."

"पण मुलांना माहीतच होतं ना?"

"हो."

तिने पुढे विचारलं, "आणि देवकाआजीने तुला का नाही विचारलं? ती तर सगळ्यांना विचारायला सांगायची."

देवका, या प्रश्नाची मला दोन उत्तरं सुचतात. तू माझ्यावर माया करत होतीस म्हणून विचारलं नाहीस. किंवा त्या चाळीस मुलांसारखी तूही मला घाबरत होतीस. पहिलं खरं असेल तर त्या मायेला मी पात्र नव्हते. दुसरं खरं असेल तर आपली सगळी वर्षं मला पुन्हा तपासावी लागतील. कोणतं खरं ते तूच सांगू शकली असतीस. नऊ दिवस मी तुझ्या उशाशी बसले होते आणि मी विचारलं नाही.

ओवीला मी म्हटलं, "मला माहीत नाही."

आजीला माहीत नाही, हे तिने बहुधा पहिल्यांदा ऐकलं. "ओके," ती हळूच म्हणाली. फोन ठेवायची वेळ झाली होती, तिथे रात्र झाली होती, सकाळी तिची शाळा होती, आणि ठरलेल्या वेळेपलीकडे मी कधी बोलत नाही. पण मी विचारलं, "अजून काही विचारायचं आहे का?"

"आहे," ओवी म्हणाली. "खूप आहे."

मी खुर्ची ओढून घेतली आणि बसले.